माउंटखालची बोटभर जागा

मंडईच्या मागच्या गल्लीत आंब्याच्या पेट्यांमधलं गवत पायात यायला लागलं की मी समजतो, आपला हंगाम सुरू झाला. लोकांना त्या गवतावरून हापूस आठवतो. मला माउंट कटरचं पातं आठवतं. गेल्या आठवड्यात वारज्याहून बसने आलो, चपलेला चिकटलेली गवताची काडी उंबऱ्यावर झटकली आणि उषाताईंच्या दुकानात पाऊल टाकलं. त्या वर न बघताच म्हणाल्या, "आलात? कोकिळा बरी, निदान आवाज करून येते."

उषाताईंचं फोटो फ्रेमचं दुकान वडिलांपासूनचं आहे. दारावर त्यांच्या वडिलांनीच रंगवलेली पाटी आहे : 'घाई असल्यास फोटो गुंडाळून ठेवावा.' एरवी तिथे देव, लग्नातली जोडपी आणि नातवंडं येत-जात असतात, पण मार्च-एप्रिलची कळा वेगळी. मार्चअखेरीला निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, शाळांच्या शेवटच्या वर्गांचे ग्रुप फोटो आणि चौदा एप्रिल जवळ आलेली, म्हणून भिंतीला टेकून ओळीने उभे असलेले बाबासाहेब आणि बुद्ध. काचेचा, लाकडाच्या भुशाचा आणि समोरून येणाऱ्या कोथिंबिरीचा मिळून एक वास तयार होतो. तो नाकात शिरला की मी शर्टाच्या बाह्या वर करतो.

मी फ्रेमवाला नाही. सरकारी खात्यातला निवृत्त आरेखक आहे. चौतीस वर्षं धरणांच्या भिंती आणि कालव्यांची वळणं कागदावर काढली. पण वर्षातले हे पाच-सहा आठवडे मी उषाताईंच्या दुकानात माउंट कापतो. ज्यांना माउंट म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोटो आणि फ्रेमची लाकडी पट्टी यांच्यामध्ये जी पुठ्ठ्याची फिकट रंगाची चौकट असते, ती माउंट. तिच्या आतल्या कडेला एक बारीक, तिरकी, पांढरी रेघ चमकते. ती रेघ कुणी रंगवलेली नसते, ती कापलेली असते. ती नीट आली तर कुणाचं तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि बिघडली तर फोटोतला नवरदेव सोडून सगळे तिलाच बघतात.

हंगामाचं पहिलं काम म्हणजे पातं लावणं. कटर म्हणजे एक लांब पोलादी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी मूठ. मुठीला दोन पाती : एक उभं, बोर्ड म्हणजे माउंटचा पुठ्ठा मापात कापायला, आणि एक तिरकं, आतली खिडकी कापायला. उभ्याचं फारसं काही नाही, ते साधंभोळं आहे. सगळे नखरे तिरक्याचे. एका बारक्या स्क्रूवर त्याची खोली ठरते. पातं बोर्डाच्या आरपार गेलं पाहिजे आणि खाली ठेवलेल्या रद्दी पुठ्ठ्यावर नुसता ओरखडा उठला पाहिजे, चीर पडता कामा नये. मग त्या ओरखड्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडलं तर पातं खोल आहे, काहीच लागलं नाही तर उथळ आहे. नखाला जरा चाहूल लागली पाहिजे, बस.

पुन्हा हवा पाहायची. एप्रिलच्या कोरड्या हवेत बोर्ड पापडासारखा कडक असतो आणि पातं त्यातून सर्र आवाज करत जातं. श्रावणात तोच बोर्ड ओल धरतो, फुगतो आणि पात्याला कवटाळून बसतो. त्यामुळे एकदा लावलं आणि वर्षभर चाललं असं होत नाही. मला हे फार आवडतं. सरकारी खात्यात एकदा ठरलेलं माप माझ्या आधीपासून होतं आणि माझ्यानंतरही असणार आहे.

हे सगळं मी शिकलो चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, आणि शिकण्याचं कारण माझी आई.

तेव्हा मला निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या वर्षात मी घरात काय करत होतो ते सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारा. ती सांगते की मी पोळ्यांचा व्यास मोजायचो. हे साफ खोटं आहे. एकदाच मोजला होता. तर अशा सुखाच्या दिवसांत आमच्या जुन्या वस्तीतल्या विहाराचे अध्यक्ष सोनवणे यांचा फोन आला. "जयभीम, गायकवाड. वाचनालयातल्या त्या जुन्या फोटोच्या फ्रेमला वाळवी लागलीय. तुम्ही रिकामेच असता, जयंतीच्या आत बदलून आणा." रिकामेपणाचा इतका स्वच्छ उल्लेख मला आवडला नाही, पण नाही म्हणायला कारणही सुचेना.

तो फोटो विहारात भरलेल्या पहिल्या प्रौढ साक्षरता वर्गाचा. मधोमध शिकवणाऱ्या बाई, दोन्ही बाजूंना वस्तीतल्या बायका, आणि प्रत्येकीच्या हातात पाटी. पाटीवर तिने स्वतः लिहिलेलं स्वतःचं नाव. डाव्या टोकाला स्टुलावर पाण्याचा माठ. दर जयंतीच्या भाषणात सोनवणे त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणायचे, "या अकरा महिलांनी आपल्या वस्तीत पहिल्यांदा पाटी हातात धरली." पाट्या मोजल्या तर अकराच भरायच्या.

आणि माझी आई म्हणायची, "त्या फोटूत मी हाय."

आई वाघोलीच्याही पुढच्या खेड्यातली. शहरात येऊन साठ वर्षं झाली तरी तिच्या 'हाय'चं 'आहे' झालेलं नाही. ती त्या वर्गात होती याबद्दल वादच नव्हता. चव्वेचाळीसाव्या वर्षी लिहायला शिकली आणि तेव्हापासून वर्तमानपत्रातल्या निविदासूचनासुद्धा सोडत नाही. पण फोटोत ती दिसत नव्हती. ती सांगायची, "समद्यांची नावं झाली लिहून. माझं द्रौपदा, ते पाटीवर बसंना. तीनदा पुसलं. तवर बाकीच्या जाऊन उभ्या ऱ्हायल्या. मी पळत गेले, कडंला उभी ऱ्हायले, आन् त्यानं खटका दाबला." मी त्या वर्षी तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात होतो, त्यामुळे साक्षीला नाही. त्या अकराजणींपैकी बऱ्याचशा पांगल्या. वस्तीत उरलेल्या दोघींना विचारलं तर म्हणायच्या, "असंल बाई, कुणाला आठवतंय."

एका जयंतीला वाचनालयात चार पाहुणे फोटो बघत उभे होते. आईने शेजारी जाऊन आपलं वाक्य म्हटलं. एका पाहुण्याने चष्मा लावून फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी ओशाळलो आणि हसत म्हणालो, "आई, तुझा काहीतरी घोळ होतोय. तो फोटो दुसऱ्या दिवशीचा असेल."

आईने फोटोकडे पाठ केली. त्या दिवसापुरती नाही. त्यानंतर तिने ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

तर त्या वाळवीच्या फ्रेममागे दुकानाच्या नावाची पिवळी पडलेली चिठ्ठी होती. चाळीस वर्षांत दुकान कधीच बंद झालं असणार असं धरून मी पत्ता शोधत गेलो. दुकान चालू होतं, फक्त वडिलांच्या जागी मुलगी होती, आणि तिचीही साठी जवळ आलेली. उषाताईंचा उजवा खांदा त्या वर्षी आखडला होता. हात कोपरापासून पुढे चालायचा, खांद्यातून उचलायचा नाही. समोर जयंतीच्या कामांचा ढीग आणि तोंडाचा पट्टा तेवढा शाबूत.

"ही पकड घ्या आणि मागच्या चुका उपटा," त्या मला म्हणाल्या. गिऱ्हाइकाला कामाला लावणारं दुकान मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी त्या चुका, म्हणजे बारके खिळे, उपटले. वाळवीने खाल्लेली पाठ भुशासारखी गळून पडली. मग त्यांनी डाव्या हाताने माउंट अलगद उचलला.

उजव्या कडेला माझी आई उभी होती.

बाकीच्यांपासून हातभर लांब. पदर डोक्यावरून निसटलेला. डावा खांदा फोटोच्या बाहेरच राहिलेला. छातीशी धरलेल्या पाटीवर 'द्रौप' एवढंच, पुढचं अक्षर फोटोवाल्याने बाहेर ठेवलेलं. तोंड किंचित उघडं, पळत आल्यामुळे दम लागला होता ना. चाळीस वर्षांच्या उजेडाने बाकीचा फोटो फिक्या चहाच्या रंगाचा झाला होता. माउंटखाली राहिलेली ही बोटभर पट्टी मात्र कालच धुतलेल्या फोटोसारखी लख्ख होती, काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं.

मी स्टुलावर बसलो.

"कोण आहे?" उषाताईंनी विचारलं.

"आई. माझी."

त्यांनी जुना माउंट उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "हा बाबांचा काप आहे. फोटो साफ करायची सवय होती त्यांना. कडेला कुत्रं आलं, सायकल आली, कुणी बघे आले, की सगळं माउंटखाली घालायचे. ही बाई एवढी लांब उभी, पाटीही अर्धीच दिसतेय. वाटलं असेल, कुणी येणारी-जाणारी." त्यांनी माउंट खाली ठेवला. "गायकवाड, हे आमच्या घरून झालंय. आम्हीच निस्तरणार."

"माझ्याही घरून झालंय," मी म्हणालो, आणि त्या चार पाहुण्यांचा किस्सा सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, पण समजूत काढायच्या भानगडीत पडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग दोघांनी करू. डोकं माझं, हात तुमचा. सरळ येतो का?"

चौतीस वर्षांच्या आरेखकाला हा प्रश्न. मी दुखावलेल्या आवाजात माझा हुद्दा सांगितला. "ते रेघेचं झालं हो," त्या म्हणाल्या. "रेघ पुसता येते."

अडचण सरळ होती. एरवी माउंटची कड फोटोवर पाव इंच चढवतात. म्हणजे फोटो हलत नाही आणि त्याची कडही झाकते. इथे पाव इंच चढवला तर आईचा कान जाणार, 'द्रौप'मधला 'प' जाणार. तेव्हा खिडकी फोटोपेक्षा मोठी कापायची, फोटो आत मोकळा ठेवायचा आणि चारी बाजूंनी मागच्या कागदाची पट्टी दिसू द्यायची. अशा मोकळ्या खिडकीत काही लपत नाही. कोपऱ्यात पातं केसभर जास्त गेलं तरी पहिलं तेच दिसतं. शिवाय फोटोची उजवी कड सरळ नव्हती. कधीतरी कुणीतरी कात्रीने कापताना ती खाली दोन मिलिमीटर बाहेर गेली होती. फोटो सरळ करायचा तर आईला कापावं लागणार. म्हणून खिडकीच वाकडी करायची. ज्या माणसाने आयुष्यभर काटकोनाची भाकरी खाल्ली, त्याने तो मुद्दाम सोडायचा होता.

पण त्या फोटोला हात लावायच्या आधी उषाताईंनी मला पंधरा दिवस बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या माउंटवर घासलं. पहिल्या दिवशी मी रेघा अशा आखल्या की त्यांनीही भुवया उंचावल्या. मग काप घेतले. रेघेवर सुरुवात, रेघेवर शेवट. आमच्या खात्यात कोपऱ्यात एका रेघेने दुसरीला ओलांडलं तर साहेब लाल पेन्सिलने गोल काढायचे, हातात ते मुरलेलं. बोर्ड उचलला तर मधला तुकडा चारही कोपऱ्यांत लोंबकळत राहिला. मी तो ओढला आणि कोपरा टराटरा फाटला.

"ओढायचा नसतो," उषाताई म्हणाल्या. "पातं तिरकं आहे, त्याचं टोक मागे असतं. रेघेच्या नखभर आधी उतरायचं आणि नखभर पुढे जाऊन थांबायचं. बोर्ड उचलला की तुकडा आपणहून टेबलावर राहिला पाहिजे. ज्याला ओढावं लागतं तो काप झालेलाच नसतो."

दुसरी खोड म्हणजे काटकसर. पेन्सिल दीड इंच उरेपर्यंत वापरायची, हा माझा सरकारी धर्म. पात्याचं टोक मोडलं तरी मी तेच चालवायचो आणि कडेला पुठ्ठ्याची लव निघायची. "ब्लेडवर माया करू नका, फोटोवर करा," असं म्हणून त्यांनी ते पातं माझ्यासमोर डब्यात टाकलं. मग काप तुटक यायला लागला तेव्हा मी स्क्रू पिळून पातं भरपूर बाहेर काढलं. म्हटलं, आता कसं नाही कापत बघू. तर जास्त बाहेर आलेलं पातं उतरतानाच वाकलं आणि काप सुरुवातीला हसऱ्या ओठासारखा वळला. खालचा पुठ्ठाही पार चिरला.

"राग काढताय का कुणावर?" त्यांनी विचारलं.

मी हसलो, पण घरी जाताना बसमध्ये तेच डोक्यात होतं. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मला फार तर एवढंच म्हणायचं होतं की आई, आता चल. नखाला चाहूल लागेल एवढं. पण माझं पातं जास्त बाहेर आलं आणि खालचं चिरलं. खालचं म्हणजे तिची आठवण, तिने चव्वेचाळीसाव्या वर्षी कमावलेलं एक वाक्य. चार लोकांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी ते खोटं ठरवलं होतं. स्क्रू अर्धा आटा मागे घ्यायला हवा होता, एवढं साधं होतं.

घरी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. उषाताईंची ताकीद होती, काच बसेपर्यंत काहीही होऊ शकतं, आधी बोलायचं नाही. पण माझ्या बोटांच्या पट्ट्या वाढत चालल्या. सुनंदाने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "भाजी चिरायला शिकताय का बाहेर कुठे? मग घरीही चिरत जा की." आईने माझा हात उजेडात धरून अंगठ्यावरचा काप पाहिला. "म्हातारपणी कुठं कापून घेतुयास रं?" मी म्हटलं, कागद लागला. ती म्हणाली, "कागुद एवढा लागत न्हाई." मग तिने हळद आणायला लावली. एकोणसाठाव्या वर्षी हळद लावून घेत मी तिच्यासमोर बसलो होतो आणि 'आई, तू आहेस त्यात' हे तोंडाशी आलेलं गिळत होतो. इतकं गोड गुपित मी त्याआधी कधी सांभाळलेलं नव्हतं.

जयंतीला चार दिवस राहिले तेव्हा उषाताई म्हणाल्या, "आज." मळकट पांढऱ्या रंगाचे, जुन्या फोटोला शोभणारे दोनच बोर्ड शिल्लक होते. पुरवठा करणाऱ्याने तो रंग बंद केला होता. मी नवं पातं लावलं, रद्दीवर तीनदा ओरखडा तपासला, नख फिरवलं. मग चार काप घेतले. सुरेख. बोर्ड उचलला, तुकडा टेबलावर शहाण्यासारखा पडून राहिला. मी विजयी मुद्रेने माउंट फोटोवर ठेवला.

उषाताईंनी बराच वेळ पाहिलं. "छान," त्या म्हणाल्या. "माठाला ऐसपैस जागा दिलीत. आई तिकडे आहे."

माउंट मागच्या बाजूने कापतात. म्हणजे उजवं ते डावं. हे मला पंधरा दिवस ठाऊक होतं. पण चौतीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर काम केलेल्या माणसाच्या डोक्यात कागद उलटा असो की सुलटा, आरपार दिसतच असतं. पुठ्ठ्यातून दिसत नाही. तिरकी बाजू मी माठाकडे कापली होती, आणि उजवीकडे माउंट आईच्या पदराच्या टोकावर चढून बसला होता. दुसऱ्यांदा. आधी उषाताईंच्या वडिलांनी झाकलं होतं, आता पोटच्या पोराने.

मी म्हणालो, "उषाताई, दुसरा तुम्ही कापा. हळूहळू का होईना."

"खांद्याने जमलं असतं तर तुम्हाला पंधरा दिवस चहा पाजला असता का?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, हात चांगला आहे तुमचा. फक्त ती कुठे उभी आहे ते लक्षात ठेवा."

मी शेवटचा बोर्ड पालथा ठेवला. पेन्सिल घेतली आणि डाव्या कडेला, जिथे पुढून उजवी बाजू येणार होती तिथे, आरेखकाच्या सुबक अक्षरात लिहिलं : 'आई'. त्याच्याखाली एक बाणही काढला. उषाताई हसल्या नाहीत. बाहेर कुणीतरी पेटी फोडत होतं, खिळे निघाल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. मी बोर्ड पट्टीखाली किंचित तिरका सरकवला, रेघेच्या नखभर आधी पातं उतरवलं आणि एका दमात ओढलं. सर्र. मग बाकीच्या तीन बाजू.

बोर्ड उचलला. तुकडा टेबलावरच राहिला.

फोटोवर ठेवला तेव्हा चारी बाजूंनी कागदाची सारखी पट्टी दिसत होती, आणि आईच्या बाजूला ती तिच्या तिरक्या कडेच्या बरोबरीने खाली उतरत गेली होती. वाकडी खिडकी कुणाला वाकडी दिसली नसती. आई कडेला उभी असूनही बाहेर ढकलल्यासारखी वाटत नव्हती, येऊन पोहोचल्यासारखी वाटत होती. उषाताईंनी गव्हाच्या खळीने मागून दोन कागदी बिजागऱ्या लावल्या, काच पुसली आणि म्हणाल्या, "बाबा असते तर म्हणाले असते, मधोमध नाही." मग पदराने काच पुन्हा पुसली, खरं तर ती आधीच स्वच्छ होती.

चौदा एप्रिलला वस्ती निळी होती. पताका, फेटे, पोरींच्या ओढण्या, सगळं निळं. खिरीचा वास आणि लाऊडस्पीकरची तपासणी एकदमच सुरू होती. मी आईला हाताला धरून वाचनालयात नेलं. फोटो सकाळीच लागला होता, पण गडबडीत कुणी निरखून पाहिला नव्हता. जुनाच फोटो, नवी फ्रेम, त्यात काय पाहायचं?

आईने सवयीने त्याच्याकडे पाठ केली आणि खुर्ची शोधायला लागली. मी म्हणालो, "आई, फ्रेम मी केलीय. बघ तरी."

ती वळली. चष्मा पुसून पुन्हा लावला. आधी मधल्या बाईंकडे पाहिलं, मग डावीकडे माठापर्यंत गेली, मग एकेक पाटी वाचत उजवीकडे आली. ओठ हलत होते, त्या पहिल्या वर्गात शिकली तशीच ती अजून वाचते. शेवटच्या पाटीशी ओठ थांबले. तिने काचेवर बोट ठेवलं, बरोबर 'द्रौप'वर.

"आलंय की नीट," ती म्हणाली. नावाबद्दल.

तेवढ्यात माइक सुरू झाला आणि आम्ही बाहेर येऊन बसलो. सोनवण्यांचं भाषण मला पाठ होतं, तसं त्यांनाही. ते त्या वाक्यापाशी आले, वाचनालयाच्या दाराकडे हात केला आणि म्हणाले, "या अकरा महिलांनी..."

"बारा," आई म्हणाली.

माइकशिवाय म्हणाली, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सोनवणे थांबले. "काय म्हणालात, आजी?"

"बारा म्हणा. मोजून या जा."

आणि अध्यक्ष खरोखरच व्यासपीठावरून उतरून आत गेले. दोनशे माणसं दाराकडे माना वळवून बसली. बाहेर आले तेव्हा त्यांनी माइक हातात घेतला, आईकडे पाहून मान तुकवली आणि म्हणाले, "या बारा महिलांनी..." पुढचं टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही. मला तर दिसतही नव्हतं नीट.

यंदा आई अठ्ठ्याऐंशीची आहे. सोनवणे आता त्या वाक्यापाशी आले की आधी तिच्या खुर्चीकडे बघतात. उषाताईंचा खांदा कधीच बरा झालाय, तरी मार्चअखेरीला त्यांचा फोन येतो, "हात रिकामा आहे का?" मी जातो, पातं लावतो, नख फिरवतो. टेबलाच्या खणात तो माठवाला माउंट त्यांनी जपून ठेवलाय. मी फार शिष्टपणा करायला लागलो की काढून दाखवतात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. परतताना रिक्षात आई खिरीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. वारज्याचा पूल ओलांडला आणि मी शेवटी म्हणालो, "आई, त्या पाहुण्यांसमोर मी तुला खोटं पाडलं होतं. माझी चूक झाली."

ती बाहेर बघत होती. तिने माझा पट्ट्या लावलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बाकीच्या बघ, उनानं कशा पिवळ्या पडल्यात. मला सावलीत ठिवलं म्हणून तर टिकले."

मग म्हणाली, "डबा सरळ धर, खीर सांडंल."